आईबाबांचा पुण्यातला फोन : आयफोन की अँड्रॉइड, आणि घ्यायचा कुठून?

एडिसनहून :

नमस्कार मंडळी,

डिसेंबरमध्ये पुण्याला जाणं आहे. आई (७४) आणि बाबा (७९) कोथरूडला दोघंच असतात. दोघांचे अँड्रॉइड फोन जुने झालेत, अपडेट यायचे थांबलेत. इथून, अमेरिकेतून, दोन आयफोन घेऊन जावेत असं मनात आहे, म्हणजे फेसटाइमवर (ॲपलच्या व्हिडिओ कॉलवर) बोलता येईल. आई यूपीआयने भाजी-दूध-किराणा सगळं करते. बाबांना पेन्शन आहे आणि दोन्ही कानांना यंत्रं आहेत. दोघांची सिम साधी, प्लास्टिकची. घेण्याआधी काय काय पाहावं?

सनीव्हेलहून :

ताई, फोन जरूर घ्या, पण इथून आयफोन नेऊ नका. आयफोन १४ पासून, म्हणजे २०२२ पासून, अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनला सिमचा ट्रेच नाही. आयफोन १७ पासून कॅनडा, जपान आणि आखातातल्या काही देशांतही तेच. आईंचं सिम त्यात बसायला जागाच नाही, ते ई-सिम, म्हणजे फोनच्या आतच असलेलं बिनप्लास्टिकचं सिम, करून घ्यावं लागणार. जिओ, एअरटेल, व्ही तिघंही ई-सिम देतात, तेव्हा फोन चालेल. पण तो हातातून पडला, स्क्रीन काळी झाली, तर सिम काढून जुन्या फोनमध्ये घालायची सोय उरत नाही. बँकेचे सगळे ओटीपी त्याच नंबरावर येतात. नंबर परत सुरू करायला दुकानात खेटे घालावे लागतील, तेही या वयात. भारतात विकल्या जाणाऱ्या आयफोनला नॅनो सिमची एक जागा आणि शिवाय ई-सिम असं दोन्ही मिळतं. अपवाद आयफोन एअरचा, तो सगळीकडे ई-सिमवरच चालतो.

इथून अँड्रॉइड न्यायचा म्हटलं तर बँड, म्हणजे फोनला पकडता येणाऱ्या नेटवर्कच्या लहरी, बघा. जिओ फोर-जीसाठी ३, ५ आणि ४० हे बँड वापरतं, फाइव्ह-जीसाठी एन२८ आणि एन७८. अमेरिकेसाठी काढलेल्या काही स्वस्त मॉडेलांत बँड ४० नसतो. जिओला टू-जी, थ्री-जी नाहीच, साधा कॉलसुद्धा व्होल्टीवर, म्हणजे फोर-जीवरूनच, जातो. जिओच्या नेटवर्कसाठी व्होल्टी चालू नसलेला फोन इंटरनेट दाखवेल आणि कॉल मात्र लावणार नाही. दुकानदार या गोष्टी सांगत नाही. बॉक्सवरचा पूर्ण मॉडेल नंबर घेऊन कंपनीच्या साइटवर बँडची यादी पाहणं हाच मार्ग.

हप्त्यावर घेतलेला फोन इथल्या मोबाइल सेवेच्या कंपनीला बांधलेला असतो हेही ध्यानात ठेवा. आयफोनवर सेटिंग्ज, जनरल, अबाउट असं जाऊन खाली कॅरिअर लॉकसमोर ‘नो सिम रिस्ट्रिक्शन्स’ असं दिसलं तरच तो मोकळा. वॉरंटीचा मुद्दा आहेच. सॅमसंगची वॉरंटी फोन ज्या देशात घेतला त्या देशातली.

आणि फेसटाइमसाठी आयफोन लागतच नाही. २०२१ च्या आयओएस १५ (आयओएस म्हणजे आयफोनची प्रणाली) पासून तुम्ही तुमच्या आयफोनवरून लिंक पाठवू शकता, ती अँड्रॉइडवर क्रोममध्ये उघडते.

पुण्याहून, औंध :

ताई, वरचं सगळं बरोबर आहे. पण फोन निवडताना माझ्या मते पहिला प्रश्न हा : अडला की शेजारी बसून सोडवणार कोण? आईंचा फोन सकाळी दहाला अडतो तेव्हा एडिसनला रात्रीचे साडेअकरा झालेले असतात. वरच्या मजल्यावरच्या काकू, भाची, सोसायटीतला एखादा मुलगा, ज्याला त्या हाक मारतात त्याच्या हातात कुठला फोन आहे ते आधी विचारा. तो अँड्रॉइडवाला असेल तर आयफोनवर मागे जायचं बटण कुठे, इथपासून तोही अडेल. कंपनीही शक्यतो तीच ठेवा. सॅमसंग, शाओमी, विवो यांच्या सेटिंग्जची मांडणी एकमेकींशी जुळत नाही, आणि सवय तिथेच मोडते.

आता यूपीआय, कारण खरी गाठ तिथे आहे. यूपीआय ॲप नव्या फोनवर टाकलं की त्या फोनमधल्या सिमवरून बँकेत नोंदलेला नंबर पटवायला एक एसएमएस जातो. अँड्रॉइडवर परवानगी दिली की तो आपोआप जातो. आयफोनवर तयार मेसेज समोर येतो आणि ‘सेंड’ आपण दाबायचं असतं. तो दाबायचा राहिला की ‘व्हेरिफिकेशन फेल्ड’. दोन सिम असतील तर बँकेचं सिम निवडा, आणि त्यावर बाहेर एसएमएस पाठवता येईल असा रिचार्ज हवा. फक्त इंटरनेट देणारा डेटा पॅक असेल तर इथेच अडतं. फोन वायफायवर असल्यामुळे बाकी सगळं चालू दिसतं, म्हणून कारण लवकर ध्यानात येत नाही.

फोन बदलला की बऱ्याच बँका सुरुवातीला ५,००० रुपयांची मर्यादा लावतात, अँड्रॉइडवर २४ तास आणि आयफोनवर ७२ तास. म्हणजे आयफोन घेतला तर तीन दिवस मोठं बिल यूपीआयने भरता येणार नाही. आईंना हे आधी सांगून ठेवा, नाहीतर खात्यात काही गडबड झाली असं त्यांना वाटेल. यूपीआय पिन मात्र जुनाच चालतो. खातं तेच असेल तर नवा करायची गरज नाही.

ई-सिम करायचंच ठरलं तर ते शेवटच्या दिवसांवर ढकलू नका. सिम बदललं की २४ तास एसएमएस बंद राहतात. ते सिमच्या चोरीपासून रक्षण म्हणून केलेलं आहे, पण त्या दिवशी एकही ओटीपी येत नाही. पुण्यात पोचलात की पहिल्या दोन-चार दिवसांतच ते काम उरका.

टोरांटोहून :

मी आयफोनच्या बाजूने लिहिते. पुण्यातल्या ज्येष्ठांना सध्या सगळ्यात मोठा धोका आहे तो व्हॉट्सॲपवर येणाऱ्या एपीके फाइलचा, म्हणजे अँड्रॉइडवर ॲप बसवणाऱ्या फाइलचा. ‘आरटीओ चलान’, लग्नपत्रिका, बँकेचं केवायसी, गॅसचं बिल अशी नावं असतात. फाइल दाबली की ॲप बसतं, एसएमएस वाचायची परवानगी मागतं आणि ओटीपी परस्पर बाहेर जातात. आयफोनवर एपीके बसतच नाही. एवढ्या एका गोष्टीसाठी मी आईंना आयफोन देईन.

आयओएस १७ पासून असिस्टिव्ह ॲक्सेस आहे, मोठी चित्रं आणि मोजकी ॲप्स. मराठीची तक्रारही जुनी झाली. २०२५ च्या आयओएस १८.४ पासून सगळा आयफोन मराठीत करता येतो. ॲपलचं स्वतःचं दुकान सप्टेंबर २०२५ पासून कोरेगाव पार्कला कोपा मॉलमध्ये आहे, तेव्हा दुरुस्तीला कुठे जायचं हाही प्रश्न उरला नाही.

अपडेटचं म्हणाल तर २०१८ च्या आयफोन एक्सआरला २०२४ चं आयओएस १८ मिळालं. आयओएस २६ ला मात्र तो वगळला गेला.

सनीव्हेलहून :

टोरांटोच्या ताई, एपीकेचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण अँड्रॉइडवरही ते दार बंद करता येतं, आणि ते न करता कुणीही ज्येष्ठांच्या हाती फोन देऊ नये. सेटिंग्ज, ॲप्स, स्पेशल ॲप ॲक्सेस, इन्स्टॉल अननोन ॲप्स. तिथे व्हॉट्सॲप, क्रोम, जीमेल, फाइल मॅनेजर यांच्यासमोरची बटणं एकेक करून बंद. फक्त व्हॉट्सॲप बंद करून भागत नाही, कारण तीच फाइल डाउनलोडमध्ये जाऊन फाइल मॅनेजरमधून उघडता येते. सॅमसंगवर ऑटो ब्लॉकर आहे. तो चालू ठेवला की बाहेरची ॲप्स बसतच नाहीत. मग सेटिंग्जमधली ॲक्सेसिबिलिटीची यादी (स्क्रीन वाचायची-चालवायची मुभा मिळालेली ॲप्स) उघडून तिथे अनोळखी नाव नाही ना ते पाहा.

लांबून मदत करायला म्हणून एनीडेस्कसारखं, दुसऱ्याचा फोन लांबून पाहायचं-चालवायचं ॲप टाकू नका. भामटे तेच टाकायला लावतात, आणि आईंच्या फोनवर ते आधीपासून असलं तर त्यांचं अर्धं काम झालेलं असतं. कित्येक बँकांची ॲप्स ते दिसलं की उघडतही नाहीत. व्हॉट्सॲपच्या व्हिडिओ कॉलमध्ये स्क्रीन शेअर आहे. दिसतं सगळं, पण बोट आईंचंच राहतं. ते मला जास्त सुरक्षित वाटतं. शेअर चालू असताना पिन टाकायचा नाही, एवढं शिकवा.

अपडेटची वर्षं आता अँड्रॉइडवरही वाढली आहेत. गुगलच्या पिक्सेल ८ पासून आणि सॅमसंगच्या गॅलॅक्सी एस२४ पासून सात वर्षं, गॅलॅक्सी ए१६ फाइव्ह-जीसारख्या साध्या फोनला सहा. वर्षं फोन बाजारात आल्या दिवसापासून मोजतात, आपण घेतल्या दिवसापासून नाही. दिवाळी सेलमध्ये स्वस्तात मिळणारं दोन वर्षांपूर्वीचं मॉडेल घेतलं की ती दोन वर्षं गेली.

रॅम ४ जीबीचा फोन घेऊ नका. यूपीआय ॲपमधून ओटीपी पाहायला मेसेजमध्ये गेलं आणि परत आलं की ॲप पहिल्यापासून सुरू होतं, कारण फोनने ते मेमरीतून काढून टाकलेलं असतं. माणसाला वाटतं आपलंच काही चुकलं. ६ जीबी किमान, ८ बरे. स्टोरेज १२८ जीबीच्या खाली नको. सकाळच्या शुभेच्छांचे फोटो-व्हिडिओ ६४ केव्हाच भरून टाकतात.

बाबांचा निर्णय कानाच्या यंत्रांवर सोडा. आयफोनसाठी बनवलेली यंत्रं थेट जुळतात. अँड्रॉइडवरही अँड्रॉइड १० पासून सोय आहे, पण ती फोनच्या मॉडेलवर अवलंबून. यंत्राचं पूर्ण नाव कागदावर लिहून घ्या आणि यंत्राच्या कंपनीच्या यादीत नेमका फोन शोधा. तो नसेल तर कॉलचा आवाज थेट यंत्रात येईलच असं नाही, मग कॅमेरा कितीही चांगला असो.

पुण्याहून, औंध :

कानाबद्दल लिहिलंत ते फार बरं झालं. बाबांसाठी आणखी एक : पेन्शनचा हयातीचा दाखला. जीवन प्रमाण आणि आधार फेस आरडी ही दोन ॲप्स टाकून अँड्रॉइडवर चेहरा दाखवून तो काढता येतो. दर नोव्हेंबरला बँकेत रांग लावायला नको. आयफोन घ्यायचा ठरला तरी आईंच्या अँड्रॉइडवर ते काम होतं, दाखला ज्याचा त्याचाच फोन लागतो असं नाही.

दुकानात आईंना बरोबर न्या आणि बोटाचा ठसा तिथेच लावून बघा. वयाबरोबर बोटाच्या रेषा झिजतात, कातडी कोरडी होते. काचेखालचा सेन्सर अशा बोटाला पुष्कळदा नाही म्हणतो, आणि वर जाड काच चिकटवली की आणखीच. कडेच्या बटणातला सेन्सर सहसा जास्त ओळखतो. एकच अंगठा दोनदा नोंदवा, एकदा सरळ आणि एकदा तिरका.

अक्षरं मोठी करताना ‘फॉन्ट साइज’ दोन-तीन टप्पे वाढवा, ‘डिस्प्ले साइज’ शेवटपर्यंत ओढू नका. दोन्ही टोकाला नेले की काही ॲप्समध्ये ‘पे’चं बटण स्क्रीनच्या खाली जातं आणि दिसतच नाही. बदल केल्यावर दुकानात उभ्या-उभ्या एक रुपया पाठवून बघा.

बिल आईंच्या नावाने घ्या, आयएमईआय नंबर (प्रत्येक फोनचा वेगळा ओळख क्रमांक) छापलेला. *#०६# दाबून तो फोनमधल्या नंबराशी ताडा. फोन हरवला तर पुणे पोलिसांच्या साइटवर लॉस्ट अँड फाउंडमध्ये नोंद करून ती पावती आणि हे बिल घेऊन संचार साथी या सरकारी साइटवर फोन ब्लॉक करता येतो. फसवणुकीत पैसे गेले तर आधी १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन, बाकी नंतर.

एडिसनहून :

सगळ्यांचे मनापासून आभार. वरच्या मजल्यावरच्या काकूंकडे सॅमसंग आहे, तेव्हा आईला पुण्यातच सॅमसंग. बाबांच्या यंत्राच्या यादीत आयफोन आहे, म्हणून त्यांना भारतातला आयफोन. आता जुन्या फोनवरून नव्यावर जाताना कुठला क्रम धरू? बाबांचे व्हॉट्सॲपमधले जुने फोटो जाता कामा नयेत.

पुण्याहून, औंध :

आधी बाबांचा, कारण त्यात परत फिरायला वाव कमी. अँड्रॉइडचा व्हॉट्सॲप बॅकअप गुगल ड्राइव्हमध्ये असतो आणि आयफोनला तो वाचता येत नाही. ‘मूव्ह टू आयओएस’ हे ॲप जुन्या फोनवर टाकायचं, त्यात व्हॉट्सॲप निवडायचं. हे फक्त कोऱ्या आयफोनवर, पहिल्या सेटअपच्या वेळीच होतं. दुकानदाराला ‘सुरू करून द्या’ म्हणालात तर ती वेळ गेली, मग आयफोन पुसून पुन्हा पहिल्यापासून. दोन्ही फोन चार्जरला लावा, एकाच वायफायवर ठेवा, आणि होईपर्यंत त्यांना हात लावू नका. नंतर आयफोनवर त्याच नंबराने व्हॉट्सॲप उघडा. चॅट आले, फोटो उघडले, हे बघितल्याशिवाय जुन्यावरून काहीही पुसू नका.

आईंचं सोपं आहे. दोन्ही अँड्रॉइड, तेव्हा व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये चॅट्स, ट्रान्सफर चॅट्स, आणि नव्या फोनवरचा क्यूआर कोड जुन्याने स्कॅन करायचा. ते झालं की सिम हलवा. यूपीआय सगळ्यात शेवटी, बँकेचं सिम नव्या फोनमध्ये बसल्यावर.

गुगल खात्याचा पासवर्ड आईंना आठवतोय का ते निघायच्या आधी फोनवर विचारून घ्या. चार वर्षांत तो एकदाही लागलेला नसतो, आणि ऐन वेळी रिकव्हरीचा नंबर कुठला तरी बंद पडलेला निघतो.

आईंचा जुना फोन विकू नका, नवा बिघडला तर सिम घालायला होईल. यूपीआय आणि बँकेची ॲप्स काढा, गुगल खातं सेटिंग्जमधून काढा, मग रीसेट. खातं न काढता बटणं दाबून रीसेट केलं तर सुरू करताना तो तेच खातं मागतो. महिन्यातून एकदा चार्ज करून देवघराच्या कप्प्यात ठेवा, आणि सिमचा ट्रे उघडायची पिन त्याच्या पाठीला सेलोटेपने चिकटवून ठेवा.