मदत हवी आहे: मुलीला ॲनोरेक्सियासाठी (वजन वाढेल या भीतीने खाणं तोडण्याचा मानसिक आजार) ॲडमिट करायचंय, कोणाला अनुभव?

लेक पंधरा वर्षांची, नुकतीच दहावीत गेलीय. गेल्या दिवाळीत ५१ किलो होती, परवा काट्यावर ३७. (त्यातही खिशात नाणी होती, हे जीन्स धुवायला टाकताना कळलं.) चार महिने पाळी नाही. आधी वाटलं अभ्यासाचा ताण, मग वाटलं डाएटचं खूळ, जाईल. पोळीवरचं तूप टिश्यूने टिपते, भाताचे घास मोजते आणि आम्हा सगळ्यांसाठी मात्र हौसेने केक करते. स्वतः चमचाही चाटत नाही.

परवा डॉक्टरांनी नाडी पाहिली, ४४. ईसीजी काढला, उभं राहिल्यावर बीपी किती उतरतं ते पाहिलं आणि म्हणाले, आता घरी ठेवू नका. आधी बालरोग विभाग, तब्येत स्थिरावली की मनोविकार विभाग. तीन-चार आठवडे तरी धरून चला म्हणाले.

पहिले काही दिवस अगदी मोजकंच देणार, हे ऐकून मी भांडलेच. उपाशी पोरीला एवढंसं? सासूबाई तर शिऱ्याचा डबा घेऊन निघाल्या होत्या. मग डॉक्टरांनी कागदावर काढून दाखवलं: फार दिवस उपाशी असलेल्या शरीराला एकदम भरपूर दिलं की इन्सुलिन वाढतं, रक्तातलं फॉस्फरस आणि पोटॅशियम पेशींत ओढलं जातं, हृदय दगा देऊ शकतं. म्हणून आधी थायमिन (बी-१ जीवनसत्त्व), रोज रक्ततपासणी, मग हळूहळू वाढवायचं. शिरा परत फ्रिजमध्ये.

आता प्रश्न. टीपीएवाल्याने (विमा कंपनीतर्फे क्लेम बघतात ते) फोनवरच सांगितलं, मानसिक आजार पॉलिसीत बसत नाही. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यात विम्यासाठी तो शारीरिक आजारासारखाच धरायचा असं आहे ना? ते दाखवून कोणाचा क्लेम पास झालाय का? नकार लेखी मागावा का?

मनोविकार विभागात अठराच्या आतल्या मुलासोबत पालकाने किंवा त्याने नेमलेल्या कोणीतरी पूर्ण वेळ राहावंच लागतं, मुलगी म्हणून बाईमाणूस हवं, म्हणजे आमच्याकडे मीच. रजा बारा दिवस शिल्लक. घरी आल्यावरही काय आणि किती खायचं ते आम्हीच ठरवायचं, समोर बसून संपवून घ्यायचं, असं सांगितलंय. नोकरी करणाऱ्यांनी शाळेतल्या डब्याचं काय केलंत?

आणि नळी. खाल्लंच नाही तर नाकातून घालावी लागेल. संमतीच्या फॉर्मवर ते वाचलं आणि पेन खाली ठेवलं. ज्यांच्या मुलांना घालावी लागली त्यांनी आधी सांगितलं होतं का? नंतर मूल तुमच्याशी बोलत होतं का?

'लाडाने भरवा' हा सल्ला कृपया नको, चार महिने तेच करतेय.

उद्या दुपारपर्यंत बेड धरून ठेवलाय. ती आत बॅग भरतेय. दोनच ड्रेस घेतलेत, तिला वाटतंय नुसत्या तपासण्या आहेत.