‘एकोणतीस’ ऐकून मूल ३९ लिहितं, हे प्रबंधात मोजायचं कसं?

पाटीपेन्सिल:
एमए शिक्षणशास्त्र, दुसरं वर्ष, शैक्षणिक मानसशास्त्र हा विशेष विषय. लघुप्रबंधाला दुसरीच्या मराठी माध्यमातल्या मुलांचं संख्यालेखन घेतलंय. बालभारतीने २०१९ साली दुसरीच्या गणितात ‘त्रेसष्ट’साठी ‘साठ तीन’ ही वाचनपद्धत आणली आणि बराच वाद झाला. दोन्ही पद्धतींनी श्रुतलेखन घेऊन फरक पडतो का ते पाहायचंय. आराखडा: एकाच शाळेतली ६० मुलं, निम्म्यांना जुनी नावं, निम्म्यांना नवी. २१ ते ९९ मधल्या ४० संख्या. एकूण गुणांवर टी-चाचणी (दोन सरासऱ्यांतला फरक योगायोगाचा आहे का ते तपासणारी). मार्गदर्शक म्हणतात, चाचणी कच्ची आहे. मानसशास्त्रज्ञ पियाजेचा नाण्यांच्या ओळींचा प्रयोगही जोडू का? (दोन सारख्या ओळी दाखवून ‘नाणी सारखीच आहेत का?’ विचारायचं, मग एक ओळ पसरवून तेच पुन्हा विचारायचं.)

काजवा:
कच्ची आहे ती संख्यांच्या निवडीत. तुम्हाला खरा शोध घ्यायचाय तो अदलाबदलीचा: मराठीत एकक आधी बोलतो (त्रे-चाळीस) आणि दशक आधी लिहितो (४३). ३३, ४४ मध्ये अदलाबदल झाली तरी दिसणार नाही, म्हणून दोन्ही अंक सारखे असलेल्या ८ संख्या काढा. पूर्ण दशकं ७, तीही काढा. ७९ पैकी उरल्या ६४. त्यातल्या २९, ३९ पासून ८९ पर्यंतच्या ७ ‘एकोण’वाल्या सगळ्या घ्या आणि उरलेल्या ५७ मधून प्रत्येक दशकातल्या ३, म्हणजे २४. एकूण ३१ पुरेत. चाळीसपर्यंत सात वर्षांचं मूल दमतं आणि शेवटच्या चुका थकव्याच्या असतात. ३४ आणि ४३ लागोपाठ नकोत.

८९ला एकोणनव्वद आणि नव्व्याऐंशी दोन्ही म्हणतात. वर्गात कोणतं चालतं ते आधी विचारून तेच वापरा. नावं ध्वनिमुद्रित करा, प्रत्येक दोनदा ऐकवा. तुम्ही दर वेळी तोंडाने सांगितलंत तर कठीण नावावर नकळत आवाज चढतो.

एकूण गुण मात्र सोडूनच द्या. चूक कोणत्या प्रकारची आहे ते लिहा. त्रेचाळीसला ३४ ही अदलाबदल. ४०३ म्हणजे ४० आणि ३ हे तुकडे तसेच शेजारी मांडणं, ही रचनेची चूक. ४२ म्हणजे नाव चुकीचं ओळखलं. आणि एकोणतीसला ३९ हा वेगळाच प्रकार: मुलाला ‘तीस’ ऐकू आलं, नऊ आहे हेही माहीत आहे, पण ‘एक ऊन’, म्हणजे एक कमी, हे त्या नावात उरलेलं नाही. हे चारही एका ‘चूक’ रकान्यात टाकले तर तुमचा प्रबंधच त्या रकान्यात बुडतो. जर्मनमध्येही एकक आधी बोलतात. ऑस्ट्रियातल्या पहिलीच्या मुलांच्या अशा लेखनात सुमारे निम्म्या चुका अदलाबदलीशी संबंधित निघाल्या. तुलनेला तो अभ्यास नक्की वाचा.

दशकगठ्ठा:
वरच्याशी सहमत. दोन गट करू नका. मध्यम परिणाम धरला तर ८० टक्के सामर्थ्याला (खरा फरक असेल तर तो सापडण्याची शक्यता) प्रत्येक गटात ६४ मुलं लागतात. तेच मूल दोन्ही पद्धतींनी तपासलं तर एकूण ३४ मुलं पुरतात. निम्म्यांना आधी जुनी नावं, निम्म्यांना आधी नवी. मध्ये किमान आठवडा. संख्या त्याच, क्रम वेगळा. बरोबर-चूक सांगायचं नाही. ‘साठ तीन’ घरी कोणी म्हणत नाही, म्हणून आधी पाच संख्यांचा सराव द्या, नाहीतर अपरिचयालाच तुम्ही पद्धतीचा दोष समजाल. विश्लेषणाला मूल आणि संख्या दोन्ही यादृच्छिक धरणारं लॉजिस्टिक प्रतिमान घ्या, म्हणजे बरोबर-चूक उत्तरांचा हिशोब करताना मुलामुलांतला आणि संख्यासंख्यांतला फरकही धरला जातो.

नाण्यांचा प्रयोग जोडू नका. ओळ पसरवल्यावर तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारला की मुलाला वाटतं पहिलं उत्तर चुकलं, आणि ते बदलतं. १९७४ पासून हा आक्षेप नोंदलेला आहे. शिवाय त्याचा स्थानिक किमतीशी थेट संबंध नाही. त्याऐवजी काड्या. दहाचे ९ गठ्ठे आणि ५० सुट्या समोर ठेवून ‘बेचाळीस दे’ म्हणा. मूल ४ गठ्ठे आणि २ काड्या देतं की ४२ सुट्या मोजतं, ते टिपा. मग ४२ लिहून त्यातल्या ४ वर बोट ठेवा: ‘एवढ्या काड्या दाखव.’ कॉन्स्टन्स कामी यांनी १६ वर असंच विचारलं होतं. ४२ अचूक लिहिणारं मूल इथे चारच काड्या उचलू शकतं. म्हणजे नाव लिहिता येणं आणि दशक कळणं या दोन गोष्टी.

पाटीपेन्सिल:
पटलं. एक अडचण: काही मुलं आकडा उलटा काढतात. उलटा ६ म्हणजे ३ च दिसतो. तो कसा तपासू?

काजवा:
म्हणूनच श्रुतलेखनाआधी १ ते ९ एकेक सांगून लिहून घ्या. तिथेही ६ उलटा आला तर तो त्या मुलाचा ६ धरा. १ आणि ९ मध्येही हीच काळजी घ्या. इंग्रजी अंक लिहिले तर ते चूक नाहीत, फक्त वेगळी नोंद करा. पाचव्या हिश्श्याइतके कागद दुसऱ्या व्यक्तीकडून स्वतंत्रपणे तपासून कोहेनचा कप्पा (दोन तपासणाऱ्यांचं किती जुळतं याचं माप) काढा. शाळेत जाण्याआधी पालकांची लेखी संमती घ्या, आणि मूल नको म्हणालं की तिथेच थांबा.