बाल्डर्स गेट ३ घ्यावा का? आधीचे दोन भाग खेळलेले नाहीत (सल्ला हवा)

शेवंती: नमस्कार मंडळी. बाल्डर्स गेट ३ हा गेम खेळायचं फार मनात आहे. पहिले दोन भाग न खेळता कथा कळेल का? आणि लॅपटॉपवर चालेल का? ग्राफिक्स कार्ड जीटीएक्स १६५०, ८ जीबी रॅम, २५६ जीबीची एसएसडी, त्यात साधारण ७० जीबी मोकळी. बजेट १५०० रुपये, त्याच्या वर जाणार नाही. धाकटा भाऊ आणि मी मिळून खेळू. मारामारीपेक्षा मला गोष्ट जास्त आवडते.

रातकिडा: डोळे झाकून घ्या. पवनचक्कीच्या पात्याला गॉब्लिनांनी (खेळातले छोटे राक्षस) एक बुटका बांधून ठेवलाय. दोन खटके आहेत, चुकीचा ओढलात तर तो गोल गोल फिरून थेट आभाळात! दुसरा गेम तिथे ‘पुन्हा प्रयत्न करा’ म्हणाला असता. इथे गोष्ट त्याच्याविना पुढे जाते. गॉब्लिनांच्या दारूच्या पिंपात विष कालवता येतं, मेलेल्या माणसाला प्रश्न विचारता येतात, कुत्र्याशी बोलता येतं. लढाई पाळीपाळीने असते, त्यामुळे विचार करायला हवा तेवढा वेळ.

अण्णा_ठाणेकर: गेमला १५० जीबी लागतात आणि एसएसडीच लागते, हार्ड डिस्कवर नको. मी १ टीबीची एनव्हीएमई (वेगवान एसएसडी) बसवून घेतली, सोबत रॅम १६ केली. लॅपटॉप नवा झाल्यासारखा पळतो. तुम्हीही आधी तेच करा, गेम नंतर.

नादखुळा_कोल्हापूर: लॅपटॉपचा नाद सोडा, सरळ पीएस५ कन्सोल घ्या. मोठ्या टीव्हीवर, सोफ्यावर बसून, एकच नंबर! भावासोबत स्क्रीन दुभागून खेळता येतं.

शेवंती: दादा, १५०० रुपये. :)

कावेरीकाठ: कथेचं सांगते. दुसरा भाग २००० सालचा, तिसरा २०२३ चा. कंपनी वेगळी, आधीचे दोन बायोवेअरचे, हा बेल्जियमच्या लॅरियनचा. कथेतही मधे शंभरावर वर्षं गेली आहेत. त्यामुळे काही अडत नाही. जुने दोन आता कोणी खेळू नये, डोळे शिणतात.

रातकिडा: +१. जुन्यांची गरज नाही.

जुनाखेळिया: गरज नाही कशी? जहीरा आणि मिन्स्क तिसऱ्यात भेटतात तेव्हा, ज्याने १९९८ पासून त्यांच्यासोबत वाट तुडवली आहे, त्याच्या घशात आवंढा येतो. तुम्हाला ते नुसते दोन नवे सोबती वाटणार. शिवाय खरा बाल्डर्स गेट म्हणजे लढाई चालू असताना मधेच थांबवून हुकूम देणं. पाळीपाळीने मारणं ही लॅरियनच्या आधीच्या गेमची पद्धत, वर नाव फक्त मोठं लावलं.

कावेरीकाठ: हे गेम ज्यावरून बनले तो फासे टाकून खेळायचा मूळ टेबलावरचा खेळ (डंजन्स अँड ड्रॅगन्स) पाळीपाळीनेच असतो. म्हणजे तिसराच मुळाशी जास्त प्रामाणिक. जुन्यात सहा जण एकदम धावतात आणि आपलाच जादूगार आपल्याच माणसांवर आगीचा गोळा टाकतो.

जुनाखेळिया: म्हणूनच थांबवायचं बटण आहे ना.

नादखुळा_कोल्हापूर: डार्क अर्ज हे पात्र घेऊन खेळा, तो खरा म्हणजे…

मध्यरात्र: नका हो! त्यांनी अजून सुरूही केला नाही. शेवंती, घेतलात तर एक लक्षात ठेवा. आपल्या पात्राच्या डोक्यात अळी शिरलीय, लवकर उपाय करा, असं सगळे ओरडत असतात. म्हणून लोक मुक्काम न करता पळत सुटतात. तशी घाई नाही. रोज रात्री तळावर झोपा, सोबत्यांची निम्मी गोष्ट तिथेच उलगडते. मुक्कामाला शिधा लागतो, तेव्हा पेट्या-पिंपांतलं खाणं उचलत चला. आणि पात्र मनासारखं जमलं नाही तर तळावरचा विदर्स १०० मोहरांत पुन्हा घडवून देतो.

अण्णा_ठाणेकर: १६५० वर सुरुवात खेळण्यासारखी चालेल. पण तिसऱ्या अंकात शहर लागतं, रस्त्यात माणसंच माणसं, तिथे प्रोसेसरचा घाम निघतो. म्हणून म्हटलं, आधी एसएसडी आणि रॅम.

भटकंती९: एकदा मोबाइलच्या हॉटस्पॉटवर १५० जीबी उतरवायला लावले होते. अर्ध्यावर डेटा संपला. वायफाय असेल तरच या भानगडीत पडा. आणि पीसीवर स्क्रीन दुभागून खेळायला दोन कंट्रोलर लागतात, तो खर्च कोणी धरलाच नाही. मी सेलमध्ये घेतला तेव्हाही गेम १५०० च्या वर गेला होता.

रातकिडा: थोडे पैसे जमवा, पण हाच घ्या.

कावेरीकाठ: हाच घ्या. थांबा, पण हाच.

शेवंती: सगळ्यांचे आभार, भटकंती९ यांचे विशेष. मी पहिला आणि दुसरा भाग घेतला, नव्याने सुधारलेल्या आवृत्त्या. सेलमध्ये दोन्ही मिळून बजेटात बसले, लॅपटॉपवर जागाही उरली. मला गोष्ट सुरुवातीपासून हवी आहे. जहीराला आधी तरुणपणी भेटेन, मग तिसऱ्यात. भाऊ शेजारी बसून फर्मानं सोडेल, अडचणीतून बाहेर काढायला मी आहेच. जुनाखेळिया, सुरुवात कशी करू?

कावेरीकाठ: पहिल्या लांडग्यालाच कंटाळाल बघा.

जुनाखेळिया: मन भरून आलं! पहिल्या खेपेला जादूगार घेऊ नका, पहिल्या पातळीवर त्याच्या जिवाचे जेमतेम चार-सहा गुण, लांडगा खरंच एका चाव्यात संपवतो. लढवय्या घ्या. जुन्या नियमांत चिलखताचा आकडा जितका खाली तितकं चांगलं, हे आधी डोक्यात बसवा, नाहीतर चांगलं चिलखत विकून टाकाल. पहिल्या भागातलं पात्र दुसऱ्यात घेऊन जाता येतं, तेव्हा शेवटचा सेव्ह पुसू नका. इमोएन लगेच भेटते, तिला सोडू नका, कुलपं आणि सापळे तीच काढते. तिथून रस्त्याने फ्रेंडली आर्म इन ही सराय गाठा, जहीरा आणि तिचा नवरा खालिद आत आहेत. पण पायऱ्या चढण्याआधी सेव्ह करा. दारात एक जादूगार उभा असतो.