नऊ जण, एक टेबल : नकाशा भिंतीवर न्यावा की खालीच राहू द्यावा?

तटबंदी (धागालेखक)

कोल्हापुरात राजारामपुरीतील आमच्या गटात डंजन्स अँड ड्रॅगन्स हा फासे टाकत गोष्ट पुढे नेण्याचा खेळ चालतो; त्यात आठ खेळाडू आणि गोष्ट चालवणारा एक डंजन मास्टर असे नऊ जण असतात आणि खेळायला जेवणाचे टेबल आहे पाच फूट बाय तीन फूट. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या प्रचलित मापानुसार नकाशावरचा एक इंच म्हणजे खेळातील पाच फूट. टेबलाची रुंदी ३६ इंच. समोरासमोर बसलेल्यांनी आपापली ए-४ कॅरेक्टर शीट (आपल्या पात्राच्या नोंदींचा कागद) उभी ठेवली की दोन्हीकडचे सुमारे १२-१२ इंच त्यातच जातात आणि मधे उरतो १२ इंचांचा पट्टा, म्हणजे खेळातील अवघे ६० फूट. फायरबॉल या जादूच्या आगगोळ्याचा व्यासच ४० फूट असतो आणि लाँगबो या लांब धनुष्याचा साधा पल्ला १५० फूट. त्यामुळे लढाई कितीही मोकळ्या माळावर ठरवली, तरी ती शेवटी बोळातली मारामारी होते आणि धनुर्धराला लांब उभे राहण्याचा फायदा कधीच मिळत नाही.

माझे स्पष्ट मत असे की सहापेक्षा जास्त खेळाडू असतील, तर नकाशाने टेबल सोडून भिंतीवर जावे. उद्यमनगरात चार फूट बाय तीन फूट मापाचा साधा लोखंडी पत्रा कापून आणि कडा दुमडून घेता येतो. ०.८ मिलिमीटर जाडीचा घेतल्यास वजन सुमारे ७ किलो भरते, तेव्हा खिळ्याला टांगण्याऐवजी चार स्क्रू मारलेले बरे. रंग मॅट पांढरा द्यावा, कारण चकचकीत रंगावर मोहरे म्हणून लावलेले बारके चुंबक आपल्याच भाराने हळूहळू खाली घसरतात आणि ऑर्क राक्षसांची अख्खी रांग कोणाची पाळी नसतानाही दक्षिणेकडे चालू लागते. भांड्यांच्या स्टेनलेस स्टीलला बहुधा चुंबक चिकटत नाही, म्हणून दुकानातच लावून पाहावे. दोन इंचांचे चौकोन आखले की २४ बाय १८ चौकोन, म्हणजे १२० बाय ९० फुटांचे रणांगण मिळते आणि ते खोलीच्या दुसऱ्या टोकावरूनही दिसते.

आमची सध्याची मोहीम पन्हाळ्याच्या धर्तीवरील गडावर सुरू आहे. अंधारबावीसारखी तीन मजली वास्तू टेबलावर दाखवायची, तर एका मजल्याचा कागद उचलून दुसरा अंथरावा लागतो. भिंतीवर तिन्ही मजले शेजारीशेजारी लावता येतात.

खासबागी

तटबंदी, आपले गणित बरोबर आहे, पण ते ज्या गृहीतकावर उभे आहे ते मला मान्य नाही. टेबल लहान नसून त्यावर कागद फार आहेत. तीच शीट आडवी ठेवली, तर तिची खोली सव्वाआठ इंचांच्या आसपास येते, एका बाजूला चार जण आरामात मावतात आणि मधला पट्टा १९ इंचांचा होतो. प्रत्येकाला परीक्षेचे पॅड देऊन शीट मांडीवर घ्यायला सांगितले, तर अख्खे टेबल मोकळे. त्यासाठी भिंतीला भोके पाडायची गरज नाही.

भिंतीबाबत माझा मूळ आक्षेप वेगळाच आहे. आठ जण एका भिंतीकडे तोंड करून बसले की वर्ग भरल्यासारखे होते. खेळाडू एकमेकांकडे न पाहता फळ्याकडे पाहतात, आणि मोहरे हलवायला उठणारा माणूस इतरांसमोर पाठ करून उभा राहतो. राजर्षी शाहू महाराजांनी बांधवून घेतलेल्या खासबाग मैदानात आखाडा खाली आणि बैठक सभोवती चढती आहे, म्हणून शेवटच्या रांगेतल्या माणसालाही डाव दिसतो. आपणही तेच करावे : नकाशा मधोमध बुटक्या चौरंगावर ठेवावा आणि भोवती खुर्च्या मांडाव्यात. नकाशासाठी डिजिटल फलकवाल्याकडून एक इंची चौकोनांचे कोरे फ्लेक्स छापून घ्यावे. त्याला चौरस फुटाचा हिशेब असतो आणि आपल्या गावात छपाईवाल्यांची वानवा नाही, वाढदिवस चौकाचौकांत झळकतातच. मात्र मॅट घ्यावे, नाहीतर ट्यूबलाइटच्या उजेडात अर्धी तटबंदी दिसेनाशी होते. (येथे तटबंदी म्हणजे किल्ल्याची.)

पडदा४३

आपण दोघेही अशा काळात पत्रे कापत आहात, जेव्हा ४३ इंची टीव्ही आडवा झोपवला की सुमारे ३७ बाय २१ चौकोन मिळतात आणि वर पारदर्शक ॲक्रिलिकचा तक्ता ठेवून खऱ्या मिनी, म्हणजे पात्रांच्या छोट्या मूर्ती, उभ्या करता येतात. शिवाय न पाहिलेला भाग काळा ठेवता येतो. पत्र्यावर ते काम कागदाच्या तुकड्यांनी करावे लागते आणि डंजन मास्टरने तुकडा लावला की तिथे खोली आहे हे सगळ्यांना आधीच कळते.

खासबागी

आणि ४३ इंची टीव्ही ठेवल्यावर पाच बाय तीनच्या टेबलावर आठ जणांनी फासे कुठे टाकावेत? मागची हवेची भोके झाकली जाऊ नयेत म्हणून खाली लाकडी चौकटही लागणारच. मधल्या वेळेत तांबडा रस्सा येतो तेव्हा ॲक्रिलिकच्या सांध्याकडे डोळा ठेवून कोण बसणार, हे आधी ठरवा. पावसाळ्यात वीज गेली की रणांगणासकट सगळेच अदृश्य होते, ते वेगळेच.

बिननकाशी

आपण तिघेही एका इंचाला पाच फूट हे माप दगडावरची रेघ समजत आहात. १९७४ च्या मूळ नियमांत भुयारातला एक इंच दहा फुटांचा होता आणि उघड्यावरचा दहा यार्डांचा. धागालेखकांच्या बारा इंची पट्ट्यात दहा फुटांचे माप धरले, तर १२० फूट बसतात, आणि एका चौकोनात दोन मिनी उभ्या राहिल्याने काही बिघडत नाही. पन्हाळ्याचा सुमारे सात किलोमीटरांचा तट आपल्या लाडक्या मापाने काढायचा झाला, तर त्याचा परीघ ११७ मीटरांच्या घरात जाईल. अशा गडासाठी भिंत काय आणि चौरंग काय?

फेट किंवा थर्टीन्थ एज या खेळांत चौकोन मोजावेच लागत नाहीत. ‘जवळ’, ‘लांब’ किंवा ‘शेजारच्या विभागात’ एवढ्यावर लढाई चालते. पोस्टकार्डाएवढ्या कागदांवर ‘तीन दरवाजा’, ‘अंबरखाना’, ‘सज्जा कोठी’ लिहून टेबलावर मांडावे आणि मोहरे त्यांवर ठेवावेत. नऊ जणांत प्रत्येकाने चौकोन मोजत बसायचे ठरवले, तर एका फेरीत चहा दोनदा होतो.

तटबंदी (धागालेखक)

बिननकाशी, गड कार्डांवर दाखवावा हे मला मान्य आहे, आणि गावातल्या गल्ल्या, प्रवास, दरबार यांसाठीही तेच पुरेसे आहे. मात्र तीन दरवाजाच्या आतल्या चौकात आठ खेळाडू आणि वीस शत्रू अडकले, म्हणजे दारात नेमके कोण उभे आहे यावर सारे अवलंबून असते. चौघांच्या मते दार ओलांडून झालेले असते, चौघांच्या मते नसते, आणि जादूगाराने फायरबॉल टाकल्यानंतर ‘मी तर बाहेरच होतो’ असे म्हणणारे किमान तिघे निघतात. चार-पाच जणांत हा वाद डंजन मास्टर एका वाक्यात मिटवू शकतो, पण आठ जणांत त्याच्या त्या वाक्याचेही आठ अर्थ निघतात. मोठ्या गटाला नकाशा अधिक लागतो तो यासाठी.

खासबागी, आपला पाठीचा आक्षेप मात्र रास्त आहे. आम्ही टेबलाची एक लांब बाजू रिकामी ठेवून ती पत्र्याकडे केली आहे आणि बाकीच्या तीन बाजूंना सगळे बसतात, त्यामुळे कोणालाही मान वळवावी लागत नाही आणि चेहरेही दिसतात. मोहरे पत्र्याच्या सर्वांत जवळ बसलेला एकच खेळाडू हलवतो, बाकीचे त्याला ‘क-७’ असा चौकोन सांगतात; त्यासाठी कडेला अक्षरे आणि आकडे रंगवून घ्यावे लागतात. आपल्या चौरंगाभोवती आठ खुर्च्यांचे कडे केले, तर नवव्याने, म्हणजे डंजन मास्टरने, आपला आडपडदा आणि पुस्तके कुठे ठेवावीत, हे आपण अद्याप सांगितलेले नाही.

खासबागी

शेजारच्या स्टुलावर. आणि आठही जणांच्या पुढे झुकलेल्या डोक्यांमुळे नकाशावर सावली पडते, एवढी अडचण मी मान्य करतो. त्यासाठी दिवा छतावरून थेट चौरंगावर खाली सोडावा लागेल. तरीही माझे पात्र, बार्बेरियन योद्धा, कुठे जायचा ते मी माझ्या हाताने ठरवणार, ‘क-७’ असे ओरडून नाही.