'पोटोप' (१९७४): कोणती आवृत्ती पाहावी, आणि क्मिचित्स हेतमानाला सोडत का नाही?

प्रश्न
येझी होफमनचा 'पोटोप' पोलिश इतिहास माहीत नसलेल्या मंडळींना दाखवायचा आहे. मूळ चित्रपट दोन भागांत ३१५ मिनिटांचा आहे, शिवाय २०१४ची सुमारे तीन तासांची 'पोटोप रेदिविवुस' आहे. कोणती घ्यावी? दुसरं म्हणजे, क्येयदानी इथल्या मेजवानीत इतर सरदार साथ सोडून आपले अधिकारदंड हेतमानाच्या (सरसेनापतीच्या) पायाशी फेकतात, नायक क्मिचित्स मात्र जागचा हलत नाही. इतका बेडर स्वार तिथेच का अडतो? आणि सबटायटल तासाभरात दोन-अडीच मिनिटांनी चुकतात, त्याचं काय करावं?

उत्तर १
मोठीच घ्या आणि दोन भाग दोन दिवशी दाखवा. छोटीत दोन तासांहून जास्त भाग गेलाय, आणि क्मिचित्सचं बदलणं सावकाश पाहिलं तरच पटतं.

आधी पाच मिनिटं एवढं सांगा. १६५५च्या जुलैत स्वीडिश फौज पोलंडमध्ये शिरली आणि २५ जुलैला उय्श्चे इथे तिथल्या उमरावांनी शरणागती पत्करली. ऑगस्टमध्ये रशियन फौजेने लिथुआनियाची राजधानी विल्नियस घेतली. अशा कात्रीत लिथुआनियाचा हेतमान यानुश राजिवीव याने स्वीडनशी करार केला. ही पार्श्वभूमी नसेल तर तो नुसता खलनायक वाटतो.

नावांचीही तयारी हवी. ł चा उच्चार 'व'सारखा आणि ó चा 'उ', म्हणून Radziwiłł म्हणजे राजिवीव, Jasna Góra (पुढे वेढा पडतो तो मठ) म्हणजे यास्ना गुरा. यानुश आणि बोगुस्वाव हे चुलतभाऊ दोघेही राजिवीव, तिथे हमखास घोळ होतो.

उत्तर २
मेजवानीचं उत्तर त्याच्या आधीच्या दोन गोष्टींत आहे. क्मिचित्सच्या माणसांनी धुडगूस घातला, ती मारली गेल्यावर त्याने सूड म्हणून वस्ती जाळली, वाग्दत्त वधू ओलेंकाला पळवलं. कायद्याने तो संपलेलाच होता. फौज उभी करण्याचं हेतमानाचं फर्मान हाच त्याला परत माणसांत येण्याचा एकमेव रस्ता. मग क्येयदानीत हेतमान त्याच्याकडून क्रुसावर शपथ घेतो, मरेपर्यंत साथ सोडणार नाही अशी. स्वीडनशी केलेला करार जाहीर होतो तो त्यानंतर. म्हणजे तो फितूर होत नाही, शपथेत अडकतो. त्या काळच्या माणसाला क्रुसावरची शपथ मोडणं म्हणजे आत्मा गमावणं.

मेजवानीत बोलणाऱ्याकडे पाहू नका, क्मिचित्स साकारणाऱ्या दानियेल ओल्ब्रिख्स्कीच्या चेहऱ्याकडे पाहा. तो प्रसंग त्या चेहऱ्यावरच घडतो.

सुटका होते ती बोगुस्वावमुळे. देश म्हणजे ओढाताणीत फाटणारं लाल कापड, आपल्या झग्यापुरता तुकडा आपण घ्यावा, असं तो बेफिकीरपणे बोलून जातो. हेतमान देशासाठीच हे करतोय या विश्वासावर शपथ उभी होती, तो विश्वासच गेला. पुढे क्मिचित्स 'बाबिनिच' हे खोटं नाव घेतो, कारण खऱ्या नावावर कुणीच भरवसा ठेवणार नसतो. यास्ना गुराच्या वेढ्यात स्वीडिशांची मोठी तोफ उडवतो तोही याच नावाने.

उत्तर ३
सबटायटल तासाला २ मिनिटं २४ सेकंद मागे पडत असतील तर बहुधा फाइल सेकंदाला २५ फ्रेमची आणि सबटायटल २४ फ्रेमचे आहेत. प्लेअरमध्ये नुसतं पुढे-मागे सरकवून उपयोग नाही, थोड्या वेळाने परत चुकतात. सबटायटल एडिटरमध्ये फ्रेमरेट २४चा २५ करा, मग पहिला आणि शेवटचा संवाद जुळवून बघा. दोन्ही जुळले की मधलं आपोआप बसतं. फरक हळूहळू न वाढता एकदम उडी मारत असेल तर सबटायटल दुसऱ्याच आवृत्तीचे आहेत, ते दुरुस्त करण्यात वेळ घालवू नका.

उत्तर ४
भर पावसातलं द्वंद्व दाखवताना आधी एकच सांगा, हातांकडे बघा. क्मिचित्स खांद्यातून वार करतो आणि दमतो. त्याच्याशी लढणारा ठेंगणा व्होवोदियोफ्स्की मनगटावर खेळतो, पाय फारसे हलवतही नाही. पुढे क्मिचित्स स्वतःला कमी लेखायला शिकतो, त्याची सुरुवात इथे आहे.