मदत हवी आहे: क्रिएटिनिन १.७, आणि घरात पुनर्नवा-गोखरूच्या काढ्याचा आग्रह

नमस्कार. सासूबाईंचं वय ६८. मधुमेह जुना, बीपीसाठी टेल्मिसार्टन ४० चालू आहे. ताज्या रिपोर्टमध्ये क्रिएटिनिन १.७, ईजीएफआर (किडनी रक्त किती गाळते त्याचा अंदाज) ३२, पोटॅशियम ५.२, म्हणजे थोडं जास्तच. किडनीच्या जुनाट आजाराची ही स्टेज ३ब. डायलिसिसचा विषय आत्ता नाही, पण आहे ती किडनी टिकावी म्हणून सगळं घर झटतंय.

आम्ही सातारा जिल्ह्यातले. पुनर्नवा म्हणजे आपली घेटुळी, पावसाळ्यात बांधावर येणारी. नणंदबाईंनी तिची मुळं वाळवून पाठवली आहेत, सोबत सराटे (गोखरू) आणि वायवर्ण्याची साल. तिन्ही उकळून सकाळी अनशापोटी कपभर द्यायचं. चुलत दिरांचा मुतखडा या काढ्यानेच पडला असं सगळे मानतात. आईंचाही त्यावर विश्वास आहे. गोळ्यांना त्या कंटाळल्यात, काढा त्यांना आपला वाटतो. तो विश्वास तोडावा असं मला मुळीच वाटत नाही.

पण लहान खडा लघवी वाढली की वाहून जाऊ शकतो. आईंच्या किडनीचं रक्त गाळण्याचं कामच मधुमेहाने मंदावलंय. दोन्हींना एकच औषध कसं चालेल?

दुसरी काळजी पोटॅशियमची. आहारतज्ज्ञांनी सांगितलंय, बटाटा-पालक चिरून भरपूर पाण्यात उकळा आणि ते पाणी फेकून द्या, कारण पोटॅशियम पाण्यात उतरतं. मग वनस्पतीचा काढा म्हणजे नेमकं तेच पाणी आटवून प्यायचं, नाही का? टेल्मिसार्टननेही पोटॅशियम वाढू शकतं. ते फार वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात, आणि अनेकदा आधी काही जाणवतही नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या ‘किडनी साफ करणाऱ्या’ कोथिंबिरीच्या पाण्याबद्दलही मला हीच भीती वाटते.

किडनीचे डॉक्टर म्हणतात, झाडपाला नकोच. एका वैद्यांनी रिपोर्ट न बघता चंद्रप्रभा वटी लिहून दिली. दोघांशी बोलून मार्ग काढलेलं कुणी आहे का? काढ्यातलं पोटॅशियम कुठे मोजून मिळतं का? तोवर मुळं डब्यात बंद आहेत.

प्रतिसाद

ताई, काढा थांबवलात ते योग्यच. माझ्या वडिलांना हाच आजार आहे, म्हणून लिहितो. चंद्रप्रभेच्या पाठात यवक्षार आहे, म्हणजे जवाच्या राखेचा क्षार. त्यात मुख्यतः पोटॅशियमच. शिवाय सैंधव, सौवर्चल, बिड ही मीठं आणि लोहभस्म. पोटॅशियम ५.२ असताना डॉक्टरांना दाखवल्याशिवाय ती सुरू करू नका.

एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यतेच्या अन्न तपासणी प्रयोगशाळांत विचारा, पोटॅशियम, शिसं, पारा मोजून देणाऱ्या असतात. पण यातून काढ्यात काय उतरलंय तेवढंच कळेल. आईंच्या रक्तात काय होतंय ते रक्त तपासूनच.

आणि घरी येणारी प्रत्येक मुळी ओळखून घ्या. ईश्वरी, म्हणजे सापसण, किडनीला थेट विषारी आहे. तिच्यात असतं त्याच अ‍ॅरिस्टोलोकिक आम्लाने १९९० च्या दशकात ब्रुसेल्समध्ये वजन कमी करायला चिनी वनौषधी घेतलेल्या कित्येक बायकांच्या किडन्या निकामी झाल्या. तिथे एका वनस्पतीच्या जागी चुकून दुसरीच आली होती.

धागाकर्ती

मनापासून आभार. यवक्षाराचं मला कुणीच सांगितलं नव्हतं. गोळ्यांची बाटली आणि वाळलेली मुळं दोन्ही घेऊन पुढच्या भेटीला जाते. नणंदबाईंनाही सोबत नेणार आहे, म्हणजे त्या स्वतः विचारतील. सातारा, कराड किंवा कोल्हापूर भागात रिपोर्ट वाचून किडनीच्या डॉक्टरांशी स्वतः बोलणारे वैद्य कुणाला माहीत असतील तर कृपया व्यनि (खासगी निरोप) करा.