मदत हवी आहे: बॅकप्लेनच्या सिम्युलेशनमध्ये व्हायाचा स्टब कसा धरावा?

नमस्कार मंडळी. १०जीबेस-केआर (बॅकप्लेनवरचं १० गिगाबिट इथरनेट) लिंकचं चॅनेल सिम्युलेट करतोय: दोन कार्डं, मध्ये बॅकप्लेन (कार्डं जोडणारा बोर्ड), दोन कनेक्टर. सिम्युलेशनमध्ये आय डायग्राम (बिट एकावर एक रचून काढलेला आलेख; उघडा म्हणजे सिग्नल स्वच्छ) मस्त उघडा दिसतो. पण प्रत्यक्ष बोर्डाला व्हीएनए (वारंवारतेनुसार सिग्नल मोजणारं उपकरण) लावला की इन्सर्शन लॉसमध्ये (वाटेत होणारी सिग्नलची घट) ६ गिगाहर्ट्झच्या आसपास खोल खड्डा! १०.३१२५ गिगाबॉडला नायक्विस्ट (बॉडच्या निम्मी वारंवारता) ५.१६ गिगाहर्ट्झ, म्हणजे अगदी शेजारीच.

संशय व्हायाच्या (बोर्डाचे थर जोडणारं धातूचा मुलामा दिलेलं छिद्र) स्टबवर, म्हणजे त्याच्या न वापरलेल्या शेपटीवर आहे. बोर्ड जाड, सिग्नल वरच्या थरात, खाली साधारण ६ मिमी स्टब लोंबकळतोय. डायइलेक्ट्रिक स्थिरांक ४ धरला तर पाव तरंगलांबीचा अनुनाद ६.२५ गिगाहर्ट्झला येतो. हिशेब जुळतो. मॉडेलमध्ये मात्र व्हाया म्हणजे नुसता लंप्ड (एकाच बिंदूवर धरलेला, लांबी नसलेला) कपॅसिटर आहे, त्यातून हा खड्डा निघणं शक्यच नाही. मग स्टबला ट्रान्समिशन लाइन म्हणून जोडलं तर पुरेल, की थ्रीडी सॉल्व्हरला (विद्युतचुंबकीय क्षेत्राचा त्रिमितीय हिशेब करणारं सॉफ्टवेअर) पर्याय नाही? सॉल्व्हरमध्ये शेजारचे ग्राउंड व्हाया कुठवर घ्यायचे?

शिवाय कनेक्टरच्या एस-पॅरामीटर फाइलींत (कोणत्या वारंवारतेला किती सिग्नल पार जातो, किती परततो याची नोंद) डीसी, म्हणजे शून्य वारंवारतेचा बिंदूच नाही. टूलच्या एक्स्ट्रापोलेशनवर कितपत विसंबता?

बॅक-ड्रिलिंग (स्टब ड्रिलने काढून टाकणं) करणार आहोतच, पण आधी मॉडेल मोजमापाशी जुळवायचंय.